जाहिरात-कार्डांवरील अभिनेत्री

व्यापारी मालाबरोबर फुकट दिल्या जाणाऱ्या छापील चित्रपत्रांवर नट्यांच्या छबी वापरण्याची प्रथा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रंगीत शिळाछपाई स्वस्त झाल्यावर ती युरोप-अमेरिकेत फैलावली. या छपाईत प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड लागे.

अमेरिकेत सिगारेटचे मऊ पाकीट चुरगळू नये म्हणून आत जाड कागदाचा तुकडा घालत; त्यावर चित्र छापले, की गिऱ्हाईक संपूर्ण संच जमवण्यासाठी त्याच कंपनीचा माल घेई. ड्यूक या तंबाखू कंपनीने अशा चित्रपत्रांवर नट्यांची छायाचित्रे इतक्या सढळ हाताने छापली, की मालक जेम्स ड्यूक यांचे वडील वॉशिंग्टन ड्यूक यांनीच 1894 मध्ये मुलाला पत्र लिहून असल्या उत्तान चित्रांबद्दल नापसंती कळवली. अॅलन अँड गिंटर कंपनीच्या 1888 च्या ‘जगातील सुंदरी’ या मालिकेत स्त्रीच्या चेहऱ्यासोबत देशाचे नाव असे. एका चेहऱ्याने अख्खा देश ओळखावा, हा आग्रह पुढे शिकागोच्या 1893 च्या प्रदर्शनातील सिंगर शिलाई मशीनच्या कार्डांवरही दिसतो; तेथे देशोदेशीचे लोक आपापल्या वेशात मशीनजवळ उभे केलेले आहेत.

भारतात हे काम आधी देवदेवता आणि पौराणिक नायिकांनी केले. मँचेस्टरच्या कापडाच्या ताग्यांवर त्यांच्या चित्रांचे रंगीत छाप लावलेले असत. 1894 मध्ये सुरू झालेल्या रविवर्म्यांच्या छापखान्यातील चित्रेही मालाच्या प्रचाराला लागली. त्यांच्या अनेक नायिका नऊवारी नेसलेल्या असल्याने मराठी नेसण देशभरच्या पौराणिक स्त्रीचा पोशाख ठरून गेले. मराठी रंगभूमीवर स्त्रीचे रूप बालगंधर्वांसारख्या पुरुष नटाने घडवलेले होते. त्यांची साडी, दागिने आणि केशरचना घरंदाज स्त्रिया उचलत, आणि त्यांच्या स्त्रीवेशातील छबी मालाच्या जाहिरातींत वापरल्या जात.

या पार्श्वभूमीवर कोल्हापूरचे उदाहरण वेगळे ठरते. बाबूराव पेंटर मूळचे नाटकांचे पडदे रंगवणारे कलावंत. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने ‘सैरंध्री’ (1920) या मूकपटात स्त्रियांनाच स्त्रीभूमिका दिल्या. गुलाबबाई आणि अनसूयाबाई यांना अनुक्रमे कमलादेवी व सुशीलादेवी ही पडद्यावरची नावे मिळाली. दोघींना त्यांच्या जातीने वाळीत टाकल्यामुळे स्टुडिओच्या आवारातच राहावे लागले, आणि तेथे अभिनयाखेरीज स्वयंपाकाची जबाबदारीही त्यांच्यावर आली. बाबूरावांनी मात्र चित्रपटाच्या माहितीच्या छायाचित्रयुक्त पुस्तिका आणि स्वतः रंगवलेली पोस्टरे गावोगावी पोहोचवली. ज्या बाईला जातीत जागा उरली नव्हती, तिचेच रूप पुराणातील सती म्हणून कागदावर घरोघरी जात होते. नाव बदलण्यामागे केवळ सोज्वळ प्रतिमेची हौस होती, असे म्हणणे म्हणूनच अपुरे वाटते.

पुढे प्रभात फिल्म कंपनीच्या कोल्हापूरच्या काळात ‘अयोध्येचा राजा’ (1932) मध्ये सुशिक्षित, सधन घराण्यातील दुर्गा खोटे आल्या, आणि त्या स्वतःच्या, सासरच्या आडनावासकट पडद्यावर झळकल्या. 1941 मध्ये लीला चिटणीस लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकणाऱ्या पहिल्या भारतीय चित्रपट-अभिनेत्री ठरल्या. त्यांच्या पदवीधर असण्याचा आणि प्रतिष्ठित घरातून येण्याचा चित्रपटांच्या प्रसिद्धीत आधीच भरपूर उपयोग झालेला होता. साबणाच्या कंपनीला हवी असलेली ‘आधुनिक पण शालीन’ बाई त्यामुळे जणू तयारच होती.

मूकपटांचे बहुसंख्य रीळ नष्ट झाल्याने त्या काळातील अभिनेत्रींच्या अभ्यासात छापील साहित्याला मोठे महत्त्व आले आहे. बाबूरावांच्या ‘कल्याण खजिना’ (1924) चे पोस्टर हे उपलब्ध भारतीय चित्रपट-पोस्टरांपैकी सर्वांत जुन्यांत गणले जाते. अशा साहित्यावरून व्यक्ती ओळखताना छापलेल्या नावावर विसंबून चालत नाही, कारण ते बहुधा कंपनीने ठेवलेले असते.