फायब्रोनेक्टिन

पेशींना भोवतालच्या पेशीबाह्य आधारकाशी (पेशींबाहेरील तंतुमय जाळ्याशी) जोडून ठेवणारे, मोठ्या रेणुभाराचे ग्लायकोप्रथिन (शर्करा जोडलेले प्रथिन). पृष्ठवंशी प्राण्यांत ते सर्वत्र आढळते. माणसात त्याची दोन रूपे आहेत. यकृतपेशी तयार करतात ते रूप रक्तात विरघळलेले असते. प्लाझ्माच्या (रक्तातील द्रवाच्या) दर मिलिलिटरमागे ते सुमारे ३०० मायक्रोग्रॅम भरते. दुसरे रूप फायब्रोब्लास्टसारख्या (जोडऊतकातील) पेशी जागच्या जागी तयार करतात व तंतूंच्या रूपात ऊतकात अंथरतात. दोन्हींचे जनुक एकच, दुसऱ्या गुणसूत्रावरील; त्याच्या संदेशाची (आरएनएची) जोडणी वेगवेगळ्या प्रकारे होत असल्याने वीसएक प्रकार संभवतात.

रेणूत जवळपास सारख्या दोन साखळ्या असतात. प्रत्येकीचा रेणुभार सव्वादोन ते अडीच लाख डाल्टनच्या आसपास असून कार्बोक्सिल टोकापाशी दोन डायसल्फाइड बंध त्यांना बांधतात. साखळीवर फायब्रिन, जिलेटिन, हेपारिन आणि पेशी यांना धरणाऱ्या जागा वेगवेगळ्या आहेत.

शोध : शोधाचे वर्ष कोणते मानावे, यावर एकवाक्यता नाही. १९४८ मध्ये मॉरिसन, एड्सॉल व मिलर यांनी प्लाझ्मातून फायब्रिनोजेन हे रक्त गोठण्यास लागणारे प्रथिन वेगळे काढताना सोबत येणाऱ्या एका प्रथिनाची नोंद केली आणि त्याला ‘थंडीत न विरघळणारे ग्लोब्युलिन’ म्हटले. त्यानंतर जवळजवळ पाव शतक ते फायब्रिनोजेनमधील भेसळ याच नात्याने ओळखले गेले. १९७३ च्या सुमारास रिचर्ड हाइन्स यांना लंडनमध्ये, तसेच रुओस्लाहती व वाहेरी यांना हेलसिंकीत, पेशींच्या पृष्ठभागावर एक मोठे प्रथिन दिसले. विषाणूमुळे कर्करोगी वळण घेतलेल्या पेशींवर ते जवळजवळ नाहीसे होत होते. प्रत्येक प्रयोगशाळेने त्याला आपापले नाव दिले. पृष्ठभागावरचे हे प्रथिन आणि प्लाझ्मातले जुने ग्लोब्युलिन प्रतिजनिक (अँटिजेनिक) दृष्ट्या एकच आहेत, हे दशकाच्या मध्यास स्पष्ट झाल्यावर सध्याचे नाव रूढ झाले. पदार्थ हाती लागला १९४८ मध्ये, पण त्याचे कार्य कळले सत्तरच्या दशकात. त्यामुळे शोधाचे श्रेय सत्तरच्या दशकातील संशोधकांकडे झुकते मानणे अधिक सयुक्तिक वाटते. हे प्रथिन परत दिल्यास कर्करोगी पेशी ताळ्यावर येतील, ही तेव्हाची आशा मात्र अर्धीच फळली. पेशींचा आकार व चिकटण्याची क्षमता सुधारली, पण त्यांच्या वाढीला आळा बसला नाही.

आरजीडी क्रम : पियर्शबाखर व रुओस्लाहती यांनी १९८४ मध्ये दाखवले, की पेशी या अवाढव्य रेणूत जो क्रम ओळखते, तो फक्त तीन ॲमिनो अम्लांचा आहे : आर्जिनीन, ग्लायसीन आणि ॲस्पार्टिक अम्ल (त्यांच्या आर, जी व डी या एकाक्षरी संकेतांवरून आरजीडी). हा क्रम पेशींच्या पृष्ठभागावरील इंटिग्रिन नावाच्या ग्राहींना धरतो. फुरशाच्या विषातील एकिस्टॅटिन या ४९ ॲमिनो अम्लांच्या पेप्टाइडातही तोच क्रम आहे. रक्तबिंबिकांवरील (प्लेटलेटवरील) इंटिग्रिन अडवून ते त्यांना एकमेकींना चिकटू देत नाही. त्याच धर्तीवर टायरोफायबॅन हे हृदयविकारात व अँजिओप्लास्टीच्या वेळी दिले जाणारे औषध घडवण्यात आले.  फुरशाच्या दंशातील रक्तस्राव मात्र मुख्यतः विषातल्या वेगळ्या, रक्त गोठवणारे घटक खर्ची पाडणाऱ्या विकरांमुळे होतो. तो एकिस्टॅटिनच्या माथी मारणे बरोबर नाही.

संशोधनातील उपयोग : पेशीसंवर्धनात भांड्याच्या तळाला दर चौरस सेंटिमीटरला १ ते ५ मायक्रोग्रॅम इतका याचा थर देतात. कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाच्या जीवरसायनशास्त्र व जैवतंत्रज्ञान विभागांत, तसेच कसबा बावड्यातील डॉ. डी. वाय. पाटील अभिमत विद्यापीठात मूलपेशी व पुनरुज्जीवन वैद्यकाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यांना हा थर उपयोगी आहे. कोरडी पूड कोमट पाण्यात तशीच भिजू द्यावी. कुपी हलवली, ढवळली, की रेणू उलगडून एकमेकांत गुंततात, पांढरे धागे दिसू लागतात आणि महागडी कुपी वाया जाते. माध्यमात सीरम असेल तर पेशी बव्हंशी त्यातील व्हिट्रोनेक्टिन या दुसऱ्या प्रथिनाच्या आधारे चिकटतात. त्यामुळे फायब्रोनेक्टिनचा परिणाम तपासायचा असल्यास प्रयोग सीरमविना करावा लागतो.

शुद्धीकरणासाठी एंग्वाल व रुओस्लाहती यांची १९७७ ची जिलेटिन-स्तंभाची पद्धत अजून चालते : प्लाझ्मा स्तंभातून सोडायचा, चिकटलेले प्रथिन युरियाने सोडवायचे. रक्तपेढीत गोठवलेला प्लाझ्मा १ ते ६ अंश सेल्सिअसला वितळवल्यावर पिशवीच्या तळाशी जो पांढरट साका बसतो, त्या क्रायोप्रेसिपिटेटमध्ये घटक ८ (रक्त गोठण्यास लागणारे एक प्रथिन) व फायब्रिनोजेनबरोबर हेही असते. जनुकोपचारात जनुक वाहून नेणारे रेट्रोव्हायरस आणि रक्तनिर्मिती करणाऱ्या पेशी जवळ आणण्यासाठी याचा पुनर्संयोजित तुकडा वापरतात.

वैद्यकीय संदर्भ : फायब्रोनेक्टिनचे जनुक बंद केलेली उंदराची गर्भपिंडे जगत नाहीत (१९९३). गर्भारपणाच्या २२ ते ३५ आठवड्यांत योनिस्रावात गर्भीय प्रकार मिलिलिटरला ५० नॅनोग्रॅमहून जास्त आढळल्यास अकाली प्रसूतीची शंका घेतात. प्रत्यक्षात नकारात्मक निष्कर्षच अधिक भरवशाचा ठरतो. काही कर्करोगांच्या नव्या रक्तवाहिन्यांत ईडीबी हा जादा भाग असलेला त्याचा प्रकार आढळतो. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणूही ऊतकाला चिकटताना याच प्रथिनाचा आधार घेतो.