मेरी क्युरी अणुविज्ञान शिष्यवृत्ती : बेळगाव सीमाभागातील विद्यार्थिनींसाठी अर्जाची माहिती

व्हिएन्ना येथील आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने २०२० साली मेरी स्क्लोडोव्स्का-क्युरी यांच्या नावाने सुरू केलेली ही शिष्यवृत्ती अणुविषयक पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या महिलांसाठीच आहे. भारत संस्थेचा सदस्य असल्याने बेळगाव, खानापूर, निपाणीकडील विद्यार्थिनींनाही अर्ज करता येतो. शिक्षणशुल्कासाठी वर्षाला कमाल १०,००० युरो व राहण्या-जेवणासाठी कमाल तेवढीच रक्कम दोन वर्षांपर्यंत मिळते. शिवाय संस्थेमार्फत कमाल १२ महिन्यांची इंटर्नशिप करता येते.

अर्जदार मान्यताप्राप्त विद्यापीठातील पदव्युत्तर अभ्यासक्रमात शिकत असावी किंवा तिला तेथे प्रवेश मिळालेला असावा, आणि तिचे सरासरी गुण ७५ टक्क्यांच्या वर असावेत. शिष्यवृत्ती मिळाली की प्रवेश आपोआप होईल, हा समज चुकीचा आहे. आधी प्रवेश, मग अर्ज. विषय केवळ अणुअभियांत्रिकी नव्हे, तर अणुवैद्यक, किरणोत्सर्ग-सुरक्षा आणि अणुकायदाही चालतो.

अर्जासोबत पदवी प्रमाणपत्र, सर्व सेमिस्टरची मार्क्स कार्डे, प्रवेश मिळाल्याचे विद्यापीठाचे पत्र, पासपोर्ट, स्वपरिचय, दोन शिफारसपत्रे आणि उद्देशपत्र (हे शिक्षण कशासाठी घ्यायचे आहे ते सांगणारे पत्र) लागते. आपल्याकडे खरी अडचण नावाची असते. एसएसएलसीच्या (कर्नाटकातील दहावीच्या) मार्क्स कार्डावर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी. त्यात मराठी शाळेच्या रजिस्टरमधले नाव कन्नड दाखल्यातून फिरून इंग्रजीत उतरले की एखादे अक्षर हमखास वाढते. अशा वेळी दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून घ्यावे आणि जो कागद फक्त कन्नडमध्ये असेल त्याचे इंग्रजी भाषांतर जोडावे.

उद्देशपत्रात ‘देशसेवा’ हा शब्द चार वेळा लिहून उपयोग नाही. शेजारच्या कारवार तालुक्यात कैगा येथे २२० मेगावॅटच्या चार अणुभट्ट्या आहेत आणि पहिली भट्टी सलग ९६२ दिवस चालून ३१ डिसेंबर २०१८ रोजी देखभालीसाठी थांबवण्यात आली. तरी किरणोत्सर्गाविषयी गावोगावी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांना लोकांच्या भाषेत नीट उत्तर देणारी माणसे कमीच आहेत. अणुऊर्जेबद्दल मराठीत आणि कन्नडमध्ये बोलू शकणारी मुलगी ही उणीव कशी भरून काढणार, हे तिने नेमकेपणाने लिहिले तर पत्राला वजन येते.

अर्ज ऑनलाइनच भरायचा असून अंतिम तारीख दरवर्षी संस्थेच्या संकेतस्थळावर पाहावी. शिफारसपत्रांसाठी प्राध्यापकांना महिनाभर आधी सांगून ठेवावे. विभागप्रमुख रजेवर गेले की लेटरहेडच्या कपाटाची किल्लीही त्यांच्याबरोबरच जाते.