बोर, हाराल्ड
(२२ एप्रिल १८८७ – २२ जानेवारी १९५१). डॅनिश गणितज्ञ आणि ऑलिंपिक रौप्यपदक विजेते फुटबॉलपटू. नोबेल पारितोषिक विजेते भौतिकीविज्ञ नील्स बोर हे त्यांचे थोरले बंधू. नील्स डेन्मार्कच्या राष्ट्रीय संघातून खेळले, असे पुष्कळदा लिहिले जाते, ते चूक आहे. नील्स क्लबपुरते गोलरक्षक होते. देशाकडून मैदानात उतरले ते हाराल्ड.

जन्म कोपनहेगनचा. वडील ख्रिस्तियान बोर शरीरक्रियाविज्ञानाचे प्राध्यापक. हाराल्ड सोळाव्या वर्षीच ‘आकाडेमिस्क बोल्डक्लुब’ या फुटबॉल क्लबकडून खेळू लागले आणि १९०४ मध्ये गणित शिकायला विद्यापीठात दाखल झाले. पैसे घेऊन खेळण्याची पद्धत तेव्हा डेन्मार्कमध्ये नव्हती, त्यामुळे त्यांना व्यावसायिक खेळाडू म्हणता येणार नाही. प्रसिद्धी मात्र तशीच होती. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते हाफबॅक होते. पहिल्या सामन्यात डेन्मार्कने फ्रान्सच्या दुय्यम संघाला ९–० ने हरवले, त्यांतले दोन गोल हाराल्ड यांचे. उपांत्य फेरीत फ्रान्सच्या मुख्य संघाची १७–१ अशी धूळधाण उडाली. फ्रेंचांनी याचा इतका धसका घेतला, की ते कांस्यपदकासाठी खेळलेच नाहीत. अंतिम सामना ब्रिटनने २–० असा जिंकला.

१९१० मध्ये त्यांनी डिरिक्ले श्रेढींवर (विशिष्ट प्रकारच्या अनंत बेरजांवर) डॉक्टरेटचा प्रबंध सादर केला. त्याची परीक्षा जाहीर होती. सभागृहात गणितज्ञांपेक्षा फुटबॉलशौकीनच जास्त जमले होते, असे सांगतात.

गटिंगेनचे एडमुंड लांडाऊ यांच्यासह त्यांनी १९१४ मध्ये रीमान झीटा फलनाच्या (अविभाज्य संख्यांच्या अभ्यासातल्या एका मध्यवर्ती फलनाच्या) शून्यांविषयी, म्हणजे त्याची किंमत शून्य होते त्या बिंदूंविषयी, महत्त्वाचे प्रमेय सिद्ध केले. केंब्रिजचे जी. एच. हार्डी सुटीत त्यांच्याकडे येत. दोघे बसले, की आधी कार्यक्रमपत्रिका लिहायची आणि तिच्यावर पहिला विषय ठरलेला: रीमान यांचे अनुमान (झीटा फलनाची महत्त्वाची शून्ये एकाच सरळ रेषेवर असतात, हे अजूनही सिद्ध न झालेले विधान) सिद्ध करणे. मग दोघे फिरायला जात. तो विषय अर्थातच दरवर्षी पुढच्या वर्षासाठी शिल्लक राहिला.

त्यांचे सर्वांत मोलाचे काम म्हणजे १९२० च्या दशकात मांडलेला ‘जवळजवळ आवर्ती’ फलनांचा सिद्धांत. दोन तबलजी एकाच समेवरून सुरुवात करतात, पण त्यांच्या आवर्तनांच्या लांबीचे गुणोत्तर १ : √२ आहे अशी कल्पना करा. दोघे पुन्हा कधीही एकाच क्षणी समेवर येणार नाहीत. मात्र केसाइतकी चूक चालवून घेतली, तर ते पुनःपुन्हा ‘जवळजवळ’ समेवर भेटत राहतील. चूक आणखी बारीक केली, तरी भेटतील, फक्त जास्त वाट पाहावी लागेल. गणिताच्या भाषेत, cos x + cos √२x या बेरजेची किंमत x = ० असताना २ येते. नेमकी २ ती पुन्हा कधीच येत नाही, पण २ च्या हवी तितकी जवळ अनंत वेळा येते. अशा फलनांनाही फूर्ये श्रेढीसारखे (साइन-कोसाइन लहरींच्या बेरजेत मांडण्याचे) विश्लेषण लावता येते, हे बोर यांनी दाखवले. गॅमा फलनाचे (१×२×३… अशा क्रमगुणिताचा अपूर्णांकांपर्यंत विस्तार करणाऱ्या फलनाचे) वैशिष्ट्य सांगणारे बोर-मोलेरुप प्रमेयही त्यांचेच.

१९१५ पासून ते कोपनहेगनच्या पॉलिटेक्निकमध्ये आणि १९३० पासून विद्यापीठात प्राध्यापक होते. १९३४ मध्ये उघडलेली त्यांची गणितसंस्था भावाच्या भौतिकी संस्थेला लागूनच होती. १९३३ नंतर जर्मनीतून हुसकावलेल्या गणितज्ञांना परदेशी नोकऱ्या मिळवून देण्यासाठी त्यांनी फार खटपट केली. आई ज्यू असल्याने १९४३ मध्ये त्यांनाही स्वीडनला पळून जावे लागले. युद्ध संपल्यावर ते परतले.