पार्श्वभूमी : मुंबईत काम गेलं की कोणाच्या भरवशावर?

मुंबईत काम गेलं की माणूस गावी जातो, हे सरकारने फार पूर्वीच गृहीत धरलं. 1929 नंतरच्या जागतिक मंदीत गिरण्यांत पगारकपात सुरू झाली. कामगारांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या व्हिटली आयोगाने 1931 च्या अहवालात देशव्यापी बेकारी विमा अव्यवहार्य ठरवला, आणि कामगाराचं गावाशी असलेलं नातं ही जमेची बाजू मानली. कोकणातली नाहीतर घाटावरची चार गुंठे जमीन हाच जणू त्याचा विमा. त्या जमिनीवर आधीच किती तोंडं जगत होती, याचा हिशेब कोणी मांडला नाही.

स्वातंत्र्यानंतर घटनेच्या 41 व्या कलमात बेकारीतल्या सरकारी साहाय्याचा उल्लेख आला, पण मार्गदर्शक तत्त्वांत. कोर्टात मागता येईल असा तो हक्क नव्हे. औद्योगिक विवाद कायद्यातल्या 1953 च्या दुरुस्तीने ले-ऑफमध्ये, म्हणजे मालकाने तात्पुरतं काम न दिल्यास, मूळ पगार आणि महागाई भत्त्याची निम्मी रक्कम, तर नोकरकपात झाल्यास सेवेच्या दर वर्षामागे 15 दिवसांचा पगार मिळू लागला. हे पैसे मात्र मालकाने द्यायचे. वर्षभराची सलग सेवा न भरलेला बदली कामगार, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी घेतलेला, ले-ऑफच्या भरपाईतून बाहेरच राहिला.

1972 च्या दुष्काळात विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना राज्यभर उभी राहिली. 1977 मध्ये तिचा कायदा झाला. महाराष्ट्राने देशाला दिलेल्या मोठ्या गोष्टींपैकी ती एक आहे. तिच्या खर्चासाठी 1975 मध्ये व्यवसाय कर लागला, आणि तो मुंबईतल्या नोकरदाराच्या पगारातूनही कापला जाऊ लागला. हमी मात्र ग्रामीण भागापुरती. म्हणजे मुंबईकर कामगाराने दुसऱ्याच्या हमीसाठी पैसे भरले, ते योग्यच होतं. त्याच्या स्वतःच्या वाईट दिवसांसाठी मात्र असा निधी कोणीच उभा केला नाही.

ते दिवस लवकरच आले. 18 जानेवारी 1982 पासून डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. संप औपचारिकपणे कधीच मागे घेतला गेला नाही, आणि हजारोंना पुन्हा कामावर घेतलं गेलं नाही. लालबाग-परळच्या चाळींतली बिऱ्हाडं सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीला परतली. जे राहिले ते वाण्याच्या उधारीवर, खानावळवाल्या बायकांच्या भरवशावर आणि घरातल्या बाईच्या कमाईवर. गिरणगाव जगलं ते या बायकांमुळे, सरकारमुळे नव्हे. केंद्राने 1986 मध्ये बंद गिरण्यांच्या कामगारांसाठी पुनर्वसन निधी आणला: पहिल्या वर्षी पगाराच्या 75 टक्के, दुसऱ्या वर्षी 50, तिसऱ्या वर्षी 25. त्यासाठी गिरणी कागदोपत्री कायमची बंद असायला हवी होती. दारं उघडी पण आत घेत नाहीत, अशा गिरणीच्या कामगाराची या योजनेत सोयच नव्हती.

खऱ्या अर्थाने बेकारी भत्ता म्हणता येईल अशी तरतूद ईएसआयमध्ये, म्हणजे वर्गणीवर चालणाऱ्या कर्मचारी राज्य विमा योजनेत, 2005 साली आली, राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेतून. पुढे 2018 मध्ये अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आली: सरासरी रोजंदारीच्या 25 टक्के, जास्तीत जास्त 90 दिवस, आयुष्यात एकदाच. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये लाखो माणसं रेल्वेने, ट्रकने, पायी मुंबई सोडून गेली. सरकारने 1931 मध्ये ज्याच्यावर भिस्त ठेवली होती ते गाव पुन्हा कामाला आलं. त्यानंतर ऑगस्टमध्ये भत्ता 50 टक्के झाला आणि अर्ज मालकामार्फत देण्याची अट गेली.

पण ईएसआयची वर्गणी ज्याच्या नावे भरली जाते त्यालाच हा भत्ता. घरकाम करणारी, नाक्यावर उभा राहणारा बिगारी, फेरीवाला यांची वर्गणी भरणारं कोणीच नाही. एप्रिल 2021 च्या निर्बंधांत राज्याने नोंदणीकृत बांधकाम कामगार, परवानाधारक रिक्षाचालक आणि अधिकृत फेरीवाल्यांना 1,500 रुपये जाहीर केले. मुंबईतले बहुतेक फेरीवाले परवान्याविना धंदा करतात.