ब्रिटनमध्ये पहिली रेप्लिका स्पोर्ट्स कार घेताना: पात्रता, कागदपत्रं आणि नोंदणी

एसी कोब्रा १९६२ साली आली आणि मूळ गाड्या जेमतेम हजारभर बनल्या. त्यामुळे आज ब्रिटनच्या रस्त्यावर कोब्रा दिसली तर ती बहुतेक वेळा रेप्लिकाच, म्हणजे मूळ गाडीसारखी दिसणारी नक्कल असते. फायबरची बॉडी, नव्यानं बांधलेली चासी आणि आत एखाद्या फोर्डचं किंवा जग्वारचं इंजिन. पोर्श ३५६ स्पीडस्टरसारख्या दिसणाऱ्या कित्येक गाड्यांच्या पोटाखाली फोक्सवॅगन बीटल असते. पहिल्यांदा अशी गाडी बघायला जाणारा माणूस रंगावर आणि इंजिनाच्या आवाजावर भाळतो. माझं कळकळीचं सांगणं एवढंच, की आधी लॉगबुक मागा.

लॉगबुक म्हणजे व्ही५सी, आपल्या आरसी बुकासारखं. ते देते डीव्हीएलए, स्वान्सीची सरकारी संस्था. त्यात ‘मेक’ या रकान्यात काय लिहिलंय ते वाचा. कोब्राच्या रेप्लिकेला तिथे डॅक्स, पिलग्रिम असं किट (गाडी बांधायच्या सुट्या भागांचा संच) बनवणाऱ्याचं नाव हवं. समोर स्पीडस्टर उभी आहे आणि कागद साध्या बीटलचा आहे, तर थांबा. किट बसवल्याचं डीव्हीएलएला कधी कळवलंच नसेल, तर पुढे नोंदणी नव्यानं करण्याची वेळ तुमच्यावर येते आणि विम्याच्या दाव्यातही तोच मुद्दा निघतो. मला पहिल्यांदा आवडलेली गाडी नेमकी अशीच निघाली. चासी नंबर आणि कागद यांचा मेळ नव्हता, म्हणून इसार न देता परतलो. वाईट वाटलं, पण तो निर्णय योग्य होता असं आजही वाटतं. चासीवर कोरलेला नंबर आणि इंजिन नंबर गाडीपाशी वाकून स्वतः जुळवून पाहा. आणखी एक गोष्ट: व्ही५सी हा मालकीचा पुरावा नाही, असं त्याच्यावरच छापलेलं असतं. म्हणून विकणाऱ्याकडून पावती घ्या, गाडीवर कर्ज बाकी आहे का ते तपासून घ्या.

नंबर प्लेटवरूनही बरंच समजतं. सगळे भाग नवे असतील (फार तर एक भाग नव्यासारखा दुरुस्त केलेला चालतो), तर गाडीला चालू वर्षाचा नंबर मिळतो. किट उत्पादकाची नवी चासी आणि डोनर गाडीचे, म्हणजे जिचे भाग काढून वापरले त्या जुन्या गाडीचे, दोन मुख्य भाग असतील, तर डोनरच्या वयाप्रमाणे नंबर. तेवढंही सिद्ध झालं नाही तर क्यू अक्षराची प्लेट. क्यू प्लेट म्हणजे गाडी वाईट असं अजिबात नाही. तिचं वय किंवा मूळ ठरवता आलं नाही, इतकाच अर्थ. विकताना किंमत थोडी कमी येते, मग घेतानाही तशीच मागा.

१९९८ पासून घरी बांधलेल्या गाड्यांना रस्त्यावर येण्याआधी सरकारी तपासणी लागू झाली. २००९ पासून तिची जागा आयव्हीए या एकेक गाडी तपासून मंजूर करणाऱ्या चाचणीनं घेतली. आपल्याकडच्या पासिंगपेक्षा ही बरीच कडक असते. बाहेरच्या कडा बोथट आहेत का, वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होतं का, स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवत नाही ना, ब्रेक, धूर, आवाज, सगळं बघतात. बरेच जण पास झाल्यावर आरसे नाही तर कडांवरची रबरी पट्टी काढून टाकतात. म्हणून प्रमाणपत्रासोबत बांधणीचे फोटो आणि पार्टच्या पावत्यांची फाइल मागा. जिची फाइल नीट ठेवली आहे ती गाडी मी थोडी महाग पडली तरी घेईन.

अर्धवट किट घेऊन स्वतः बांधायचं ठरवलं, तर नोंदणीचा अर्ज तुम्हालाच करावा लागतो. नव्या गाडीसाठी व्ही५५/४, जुन्या भागांच्या गाडीसाठी व्ही५५/५. सोबत व्ही६२७/१ हा बांधणीचा तपशील देणारा फॉर्म, आयव्हीए प्रमाणपत्र, डोनर गाडीचं व्ही५सी, पावत्या, फोटो, नाव-पत्त्याचा पुरावा, रोड टॅक्स आणि पहिल्या नोंदणीची ५५ पौंड फी. गाडी जुनी धरली गेली तर एमओटी, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी असल्याची तपासणीही. डोनरचा कागद हरवलेला असेल तर किट घेऊच नका, वयाचा नंबर मिळवताना तोच आधार असतो.

पात्रता सोपी आहे. ब्रिटिश नागरिक असण्याची अट नाही, पत्ता मात्र इथला हवा. भारतीय लायसन्सवर इथे राहायला आल्यापासून १२ महिने गाडी चालवता येते, त्यानंतर इथली परीक्षा द्यावी लागते. विमा ‘ठरलेल्या किमतीचा’ घ्या, म्हणजे गाडीची किंमत कंपनीशी आधीच ठरवून घेतलेला, कारण रेप्लिकेचा बाजारभाव कंपनीच्या यादीत सापडत नाही.

तयार गाडी घेताना विकणारा डीव्हीएलएला ऑनलाइन कळवतो आणि व्ही५सीतली हिरवी चिठ्ठी तुम्हाला देतो. ऑक्टोबर २०१४ पासून रोड टॅक्स गाडीसोबत येत नाही, गाडी घेऊन निघण्याआधी त्या चिठ्ठीवरच्या क्रमांकानं तो भरा. एमओटीचे जुने निकाल सरकारी साइटवर नंबर टाकून फुकट बघता येतात. चेहरा साठ सालातला असला तरी ४० वर्षं जुन्या गाड्यांची टॅक्सची सवलत रेप्लिकेला आपोआप लागू होत नाही. लंडनमध्ये राहत असाल तर यूलेझ (जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांवर शुल्क घेणारा तिथला विभाग) हेही तपासा, जुन्या इंजिनाला दिवसाला १२.५० पौंड पडू शकतात.

पुण्या-मुंबईला परतताना ही गाडी नेता येईल का, असं पुष्कळ जण विचारतात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे बदल मान्य करत नाही. २०२१ च्या व्हिंटेज नियमांनाही ५० वर्षं जुनी आणि चासी, बॉडी, इंजिन न बदललेली गाडीच लागते. रेप्लिका त्यात बसत नाही. परतायचं नक्की असेल तर गाडी इथेच विकण्याच्या हिशेबानं घ्या.