लगद्याचं शिल्प म्हणजे पेपरमॅशे नव्हे

शिल्पकार आणि मुद्राचित्रकार सोमनाथ होर (१९२१–२००६) यांची ‘वूंड्स’ (जखमा) मालिकेतली, कागदाच्या लगद्यातली पांढऱ्यावर पांढरी कामं पाहून हमखास ऐकू येतं: हा तयार जाड कागद प्रेसमध्ये दाबून उठवलाय, नाहीतर पेपरमॅशे, म्हणजे गोंदात कालवलेला कागदाचा लगदा आहे. दोन्ही चूक.

होर आधी मातीच्या सपाट थरावर सुरीने, तापल्या सळीने घाव करत. त्यावरून सिमेंटचा साचा घेत आणि त्यात ओला लगदा दाबत. म्हणजे कागद जन्मतो तोच साच्यात. तयार कागद इतका ताणला तर फाटेल.

गोंद का लागत नाही? कुटलेल्या सुती तंतूंमधलं पाणी उडालं की ते हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरतात. खरी कसोटी कुटण्यात आहे: जास्त कुटला तर लगदा वाळताना आकसतो आणि तडकतो, कमी कुटला तर भुसभुशीत राहतो. पाणी स्पंजने दाबून टिपायचं. वाळवण्याची घाई केली की कडा आधी सुकतात आणि काम वाकतं.

राहिला प्रश्न कागद कालांतराने पिवळा पडण्याचा. तो मुख्यतः वर्तमानपत्राच्या रद्दीतल्या लिग्निनचा, म्हणजे लाकडातल्या एका घटकाचा प्रताप. कापसात लिग्निन जवळजवळ नसतंच.