मूत्राशयाचा कॅन्सर मेंदूच्या आवरणात उतरतो तेव्हा

मूत्राशयाचा कॅन्सर पसरला तर तो बहुधा ओटीपोटातल्या लसिकाग्रंथी, फुप्फुसं, यकृत आणि हाडं इथे सापडतो. फार थोड्या रुग्णांत मात्र त्याच्या पेशी थेट मेंदू आणि मज्जारज्जूच्या आवरणांत जाऊन बसतात. स्तनाच्या व फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये हे त्या मानाने जास्त दिसतं. मूत्राशयाच्या बाबतीत इतकं विरळा, की वैद्यकीय नियतकालिकांत एकेका रुग्णाची हकीकत छापून येते.

मेंदूला तीन आवरणं असतात. बाहेरचं जाड, आतली दोन अतिशय पातळ. या दोन पातळ आवरणांच्या मधून मेंदूजल, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचं पाण्यासारखं द्रव, वाहतं. प्रौढ माणसात ते एका वेळी जेमतेम 150 मिली असतं, पण दिवसाला सुमारे 500 मिली नवं तयार होतं. कॅन्सरची पेशी एकदा या पाण्यात पडली, की डोक्यापासून कमरेपर्यंत कुठेही जाऊन चिकटते.

म्हणून तक्रारी विस्कळीत असतात. डोकं दुखतं, उलट्या होतात, एकाचे दोन दिसतात, ओठाचा कोपरा खाली ओघळतो आणि त्याच आठवड्यात पाय लटपटू लागतात. एकाच गाठीने हे सगळं घडणं अवघड, आणि नेमकी हीच खूण. मूत्राशयाच्या रुग्णात आणखी एक चकवा असतो. कमरेखाली जाणाऱ्या मज्जातंतूंच्या मुळांवर पेशी साचल्या तर लघवी तुंबते. आता या रुग्णाची लघवी अडली, तर आधी मणक्याकडे कोण बघणार? आणि मूत्राशय काढून पोटावर पिशवी लावलेली असेल, तर ही खूणही हाती लागत नाही.

निदानासाठी कॉन्ट्रास्ट (चित्रात उजळून दिसणारं द्रव्य) शिरेतून देऊन मेंदूचा आणि संपूर्ण मणक्याचा एमआरआय करतात. आजारी आवरणं त्यात उजळून दिसतात. शिवाय कमरेतून सुई घालून हे मेंदूजलाचं पाणी काढतात. त्यात प्रथिनं वाढलेली आणि साखर घटलेली असू शकते, पण खरा पुरावा म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली दिसलेली कॅन्सरची पेशी. पहिल्या तपासणीत ती जवळपास निम्म्या रुग्णांतच सापडते. तेव्हा एक रिपोर्ट 'निगेटिव्ह' आला म्हणून निश्चिंत होऊ नये. संशय दाट असेल तर पुन्हा पाणी काढतात, निदान 10 मिली, आणि ते लगेच लॅबमध्ये पोचवतात.

सिस्प्लॅटिनसारखी केमोथेरपीची औषधं शिरेतून दिली तर मेंदूजलात फार कमी उतरतात. त्यामुळे फुप्फुसातल्या गाठी आक्रसत असतानाही इथल्या पेशी वाढत राहू शकतात. खरं तर या पाण्यात पोषण तुटपुंजं. तरी त्या तगतात कशा? स्तन व फुप्फुसाच्या कॅन्सरवरच्या 2020 मधल्या एका संशोधनात दिसलं, की मेंदूजलातल्या या पेशी लिपोकॅलिन-2 नावाचं प्रथिन बनवून तिथलं मोजकं लोह स्वतःकडे ओढतात. बाजूच्या रोगप्रतिकारक पेशी उपाशी राहतात.

उपचारांविना आयुष्य बहुधा काही आठवड्यांचं उरतं. उपचारांनी काही महिने मिळू शकतात. मेथोट्रेक्सेटसारखं औषध थेट मेंदूजलात सोडता येतं. त्यासाठी डोक्याच्या कातडीखाली बसवायची छोटी कुपी न्यूरोसर्जन अयुब ओमाया यांनी 1963 मध्ये मांडली. ती आजही वापरात आहे. मात्र असं औषध काही मिलिमीटरच आत झिरपतं. जाड थर साचला असेल किंवा पाण्याची वाट अडली असेल, तर त्या जागी रेडिएशन द्यावं लागतं, आणि डोक्यातला दाब फारच वाढला तर शंट म्हणजे बारीक नळी बसवून पाणी पोटात उतरवतात.